हाताला लागतंय का?

मामांनी मला कधीही नावाने हाक मारली नाही. त्यांच्यासाठी मी 'तीनशे पासष्ट'. कॅन्टीनच्या भरल्या रांगेत लांबून ओरडायचे, "ए तीनशे पासष्ट, जेवलीस का?" नवीन लागलेल्या पोरींना वाटायचं, हा माझा टोकन नंबर असावा. एकीने तर घाबरत विचारलं होतं, "ताई, आपल्यालापण असा नंबर मिळतो का?" म्हटलं, बाई, सायकल घेऊ नकोस, म्हणजे नाही मिळणार.

तीनशे पासष्ट मिलिमीटर हा माझा रीच. म्हणजे असं की सायकलच्या पायडलच्या मधल्या गाभ्यातून सरळ वर एक उभी रेघ काढायची, आणि त्या रेघेपासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंत आडवं अंतर मोजायचं. माझ्या पाठीला आणि हातांना एवढंच अंतर झेपतं, असा मामांचा निकाल होता. माझ्या सायकलचं ते अंतर होतं तीनशे नव्वद. मधले पंचवीस मिलिमीटर मामांच्या डोक्यात कायम खुपत असायचे. माझ्या ते हातात उतरले, पण ते पुढे.

चाकणला महाळुंग्याच्या बाजूला आमची कंपनी. मोटारींचे दरवाजे आणि बॉनेट तिथे पत्र्यातून दाबून निघतात. माझं काम तपासणीचं. मशीनमधून पॅनल बाहेर आलं की पातळ सुती हातमोजा घालून त्याच्यावरून हात फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा, खोलगट जागा बोटांना लागली की तिथे पेनाने गोल करायचा. एवढंच काम, दिवसाला आठ तास, बोटांच्या जिवावर. मी कॉन्ट्रॅक्टवर. दर वर्षी कॉन्ट्रॅक्ट पुढे सरकण्याआधी आमची परीक्षा होते. डोळ्यांना पट्टी बांधायची, समोर दहा पॅनल, प्रत्येकात एक दोष मुद्दाम ठेवलेला, तो हाताने शोधायचा. आठ सापडले तर पास. नाहीतर कॉन्ट्रॅक्टवाल्याला गेट. परमनंट माणसाला फार तर पॅकिंगला पाठवतात.

ही परीक्षा मामा घ्यायचे. टूलरूममधली सगळ्यात जुनी माणसं म्हणजे मामा आणि एक ड्रिल मशीन, असं आम्ही म्हणायचो. कंपनीत वयाने मोठ्या कामगाराला मामा म्हणायची रीत आहे, पण मामा असे दहा असले तरी नुसतं 'मामा' म्हटलं की हेच. ते महाळुंग्याचेच. आता जिथे दोन नंबरचं गेट आहे तिथे त्यांच्या वडिलांचा भुईमूग असायचा. हे सांगून झालं की लगेच ते गेट किती तिरकं बसवलंय तेही सांगायचे.

खिशात ओळंबा घेऊन फिरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. गवंड्याकडे असतो तसा, पितळी, दोऱ्यात गुंडाळलेला. दुसऱ्या खिशात कोन मोजायचं यंत्र आणि सहा इंची स्टीलची पट्टी. 'साधारण' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "साधारन म्हंजे किती?" असं म्हणून ते पट्टी काढून उभे. कोणत्याही वस्तूला हात लावून 'हां, बरोबर आहे' म्हणताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. खुर्ची डगमगते का हेसुद्धा ते हलवून बघायचे नाहीत, पायाखाली कागद सरकवून बघायचे. आम्ही हसायचो. मला वाटायचं, आहे एकेकाचं वेड.

आमची गाठ पडली ती सायकल स्टँडवर. मी राहते दिघीला. नवरा भोसरीत लेथवर, मुलगी दुसरीत, सासूबाई घरी. पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत एका कॉम्प्युटर इंजिनियरने मोठ्या हौसेने रेसची सायकल घेतली होती, तीनदा चालवली आणि मग बाल्कनीत तिच्यावर ओले टॉवेल वाळत घातले. नवरा त्यांच्याकडे काही काम करायला गेला आणि ती माझ्यासाठी घेऊन आला. "मोठी आहे जरा, पण चालेल," असं इंजिनियर म्हणाला होता म्हणे. मला तर ती मोठी-लहान काही दिसलीच नाही. एवढी हलकी सायकल मी जन्मात उचलली नव्हती. रविवारी पहाटे उठून मोशी, आळंदी, कधी चाकणपर्यंत मारून यायचे. त्या दोन-तीन तासांत मला कुणी काही मागत नाही, हेच मला पुष्कळ होतं.

एकदा शनिवारी ती कंपनीत घेऊन आले, तर सुटताना स्टँडवर मामा तिच्यासमोर उकिडवे बसलेले. ओळंबा माझ्या सीटवरून खाली सोडलेला.

"सीट येवढी पुडं कुनी सरकवली?"

"मी. हँडल लांब पडतं."

"म्हंजे जागा चुकली म्हनून तू घरच सरकवलंस." मामांनी वर पाहिलं. "सायकलचं शून्य कुटं असतंय ठावं हाय का? ह्ये इथं, पायडलच्या मधी. सगळं इथनं मोजायचं. सीट पुडं आली तशी तू या शून्याच्या डोक्यावर येऊन बसलीस. चढाला बरं वाटत असंल."

बरं वाटायचं खरं. चढाला पाय सरळ खाली दाबले जायचे. मी तसं सांगितलं.

"व्हय, वाटनारच. पन सपाटीला अंगाचा भार कुटं जातो? ढुंगनावरनं उठला तो हातावर. चार म्हैन्यांनी मला सांग."

मला राग आला. ओळख ना देख, आणि हा माणूस माझ्या बसण्यावर बोलतो! मी सायकल ओढून घेतली आणि 'बघू' म्हणून निघाले. पण चार महिने लागलेच नाहीत. तिसऱ्या महिन्यात उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट रविवारी दुपारपर्यंत झोपलेली राहू लागली. मग सोमवारीही. मग एक दिवस लाइनवर एका बॉनेटवरून हात फिरवला, पुढे पाठवलं, आणि पलीकडच्या बाईने त्याच पॅनलवर गोल केला. "ताई, हे सुटलं गं," एवढंच ती म्हणाली, चांगल्या मनाने. परीक्षा दीड महिन्यावर होती.

दिघीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सायकल बंद करायला सांगितली. नवऱ्याने तेच सांगितलं. सासूबाई तर वाटच बघत होत्या. सायकल सोड म्हणणारे ढीगभर होते. मलाही कळत होतं हो. पण रविवार गेला की माझ्याकडे माझं असं काय उरतं, हे यांना कोण सांगणार? मी घरी म्हणाले, बंद केली, आणि पहाटे दूध आणायला जाते सांगून अर्धा तास का होईना चालवत राहिले. खोटं बोलत होते. लाइनवर डाव्या हाताने तपासायचे आणि कुणी बघत नाही ना म्हणून सारखी मान वळवायचे.

कुणाला कळलं नाही, मामांना कळलं. कॅन्टीनमध्ये मी चहाचा कप उजव्या हातात घेतला आणि डाव्यात बदलला. ते माझ्यासमोर बसले होते. इकडे तिकडे बघून अगदी हळू विचारलं, "हाताला लागतंय का?"

हा प्रश्न परीक्षेतला होता. प्रत्येक पॅनल ठेवल्यावर मामा हाच विचारायचे. परीक्षा घेणारा माणूस मला परीक्षेच्या आधीच तो प्रश्न विचारत होता, आणि मी काय उत्तर देणार? मी म्हणाले, "लागतं की." मामांनी मान हलवली आणि म्हणाले, "सायकल सोडू नगं. सायकलचा आकार सुधरू आपन. उद्या जेवनाच्या सुट्टीत टूलरूममदी ये."

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला. हा माणूस साहेबांना सांगेल का? न सांगता परीक्षेत बघून घेईल का? की खरंच मदत करेल? तिन्ही गोष्टी त्यांच्या स्वभावात बसत होत्या.

टूलरूममध्ये त्यांनी मला सायकल शिकवली. चालवायची नव्हे, बघायची. कॅन्टीनची भांड्यांची ट्रॉली मागवून घेतली. "हिचं पुडचं चाक बग. दांडी पुडं, चाक जरा मागं लटकतंय. म्हनून ट्रॉली ढकलली की चाक आपसूक सरळ व्हतं. सायकललाबी तसंच. चाक धरनारा चिमटा जितका कलता, तितकं चाक सरळ पळतं, पन वळायला आळशी. चिमटा उभा असला की चटकन वळतं, पन उतारावर जरा काय झालं की थरथरतं. तुजी सायकल उभ्या चिमट्याची हाय. घाई असलेल्या मानसासाठी केलेली."

"मग कोणती चांगली?"

"चांगली अशी कुटली नसती. लांब सायकल खड्ड्यात अंगाला धक्का देत न्हाई, पन गल्लीत वळत न्हाई. मागलं चाक जवळ घेतलं की चढावर पायाचा जोर लगीच लागतो, पन कंबर बोलती. एक दिलं की दुसरं जातं. मानूस बगून द्यायचं."

स्वतः त्यांनी घरी नळ्या जोडून केलेली सायकल ते रोज चालवायचे. काय तिचं रूप! लांबलचक, हँडल छातीपर्यंत उंच, चिमटा पुढे पसरलेला. पोरं तिला गवळ्याची सायकल म्हणायची. कंपनीतले चार-पाच हौशी सायकलवाले तिच्याकडे बघून गालात हसायचे. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरच्या रांगेशेजारून मामा त्या सायकलवर असे जायचे की हँडल जराही हलायचं नाही.

माझं माप घ्यायची वेळ आली तेव्हा गंमत झाली. पायाची आतली उंची लागते. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाड रजिस्टर मांड्यांमध्ये वरपर्यंत धरायचं आणि त्याच्या वरच्या कडेची खूण भिंतीवर करायची. मामा कानापर्यंत लाल झाले. रजिस्टर आणि खडू माझ्या हातात दिला आणि समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "झालं की सांग. घाई नगं. सरळ उभी ऱ्हा." मी खूण केली, बाजूला झाले, मग त्यांनी वळून पट्टीने मोजलं. दोनदा. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे आलं म्हणून तिसऱ्यांदा. सीट मागे घेतली, मापाप्रमाणे उंची बांधली, हँडल धरणारा तुकडा आखूड बसवला. "आता हँडल जरा चळवळं हुईल, संबाळ," म्हणाले. "ही निस्ती पट्टी बांधलीय. मूळ माप चुकलेलंच हाय."

आणि बोटं जास्त झोपायला लागली.

दोन आठवडे मी वाट पाहिली. आज बरं वाटेल, उद्या वाटेल. उलट आता मनगटापर्यंत मुंग्या. परीक्षा पंधरा दिवसांवर आली तेव्हा माझं डोकं फिरलं. टूलरूममध्ये गेले आणि तोंड सुटलं. "तुमच्या मोजमापाच्या नादात माझी नोकरी जाईल मामा! अर्धा मिलिमीटर, पाव मिलिमीटर, डोंबलाचं माप! तुमचं बरं आहे. तुम्ही परमनंट. तुम्हाला काही झालं तर खुर्ची बदलेल. मला गेटबाहेर काढतील. पोरीची शाळा, घराचं भाडं, कुठून आणू?" आणखीही बरंच बोलले, आता लिहायला लाज वाटते. मामा स्वतःच्या हातांकडे बघत बसले. मला वाटलं, अपमान झाला म्हणून. मी निघून आले आणि बसमध्ये रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आमच्या दारात मामा. महाळुंग्याहून दिघीपर्यंत सायकल मारत आलेले, घामाघूम. सासूबाईंनी दार उघडलं. पाणीसुद्धा न घेता मला म्हणाले, "माप घेताना पायात काय व्हतं?"

"काय असणार? सेफ्टी शूज."

टूलरूममध्ये सेफ्टी शूजशिवाय पाय ठेवता येत नाही. गेल्या सात वर्षांत मी त्या फरशीवर कधी अनवाणी उभी राहिले नव्हते, आणि त्यांनी तर तीस वर्षांत नाही. पाठ करून उभे होते म्हणून त्यांना दिसलं नाही, आणि मला सुचलं नाही. कंपनीच्या आत बूट म्हणजे पायच.

मामा उंबऱ्यावर मटकन बसले. "तळ अठ्ठावीस मिलिमीटर जाड हाय त्याचा. अठ्ठावीस! सीट येवढी उंच झाली. तू पायडलपर्यंत पोचायला पुडं घसरत असनार, सीटच्या नाकाडावर बसत असनार, सगळा भार हातावर. म्या केलं ह्ये. म्या." एवढा घाबरलेला म्हातारा माणूस मी पाहिला नव्हता. सासूबाईंनी बळेच चहा दिला, तो तसाच राहिला. त्यांनी तिथेच, आमच्या पार्किंगमध्ये, मला अनवाणी उभी केली. रजिस्टरऐवजी मुलीचं चित्रांचं पुस्तक, आणि आता खूण करायला सासूबाई. सीट खाली आली. सासूबाईंना तोवर ठाऊकच नव्हतं की सायकल चालूच आहे. त्या दिवशी मला घरात दुसरी बोलणी बसली, ती वेगळी.

दहा दिवसांत बोटं हळूहळू जागी होऊ लागली. पूर्ण नाही. एखाद्या दिवशी सगळं कळायचं, एखाद्या दिवशी करंगळी परक्याची वाटायची. आता तर जास्तच वाईट, कारण आता मला कळेना की मला कळतंय का. लाइनवर काही लागलं की वाटायचं भास आहे, नाही लागलं की वाटायचं सुटलं.

परीक्षा बुधवारी. त्याच्या आधीच्या रविवारी मामा म्हणाले, "भंडारा डोंगरावर जाऊ. चढ बगू, उतार बगू, तुजी सायकल कशी वागती ती कळंल." डोंगर तळेगाव-चाकण रस्त्यालाच, लहानसा पण उभा. चढताना मी मामांच्या पुढे गेले. सीट मागे असल्यामुळे पाय जास्त ओढायला लागत होता, पण हात मोकळे होते, हँडलला नुसता स्पर्श. बऱ्याच दिवसांनी मला हसू आलं. मामा मागून त्यांच्या गवळ्याच्या सायकलवर एका लयीत, कासराभर अंतर ठेवून येत होते. वर पोचलो, पाणी प्यायलो. मामा मंदिरात गेले. त्यांची सायकल उन्हात होती, म्हणून सावलीत घ्यायला मी खालची तिरकी नळी धरून ती उचलली.

आणि माझ्या करंगळीशेजारच्या बोटाला काहीतरी लागलं.

जिथे खालची नळी हँडलच्या उभ्या नळीला जोडलेली असते, त्या जोडाच्या पोटात. केसाएवढी रेघ, आडवी. रंगाखाली. मी हात काढला, पुन्हा फिरवला. लागली. डाव्या हाताने बघितलं, तर नाही लागली. वाकून पाहिलं, निळा रंग सगळा एकसारखा. पुन्हा उजवा हात, आता तिथेही नाही. पुन्हा लागली. ज्या बोटाचा मलाच भरवसा नव्हता, ते बोट मला सांगत होतं की मामांची सायकल तुटायला आली आहे. आणि समोर उतार होता.

मामा आले. मी सांगितलं. ते हसले. "आगं, गेल्या रविवारी सगळी मोजलीय म्या. कोन जिथल्या तिथं. एक मिलिमीटर हललेली न्हाई."

"मोजून कळणार नाही मामा. हात लावून बघा."

त्यांनी हात लावला. बोटं जोडावरून फिरवली, इकडून तिकडे. "न्हाई बा. गुळगुळीत हाय."

"नीट बघा. तिथेच."

"न्हाई म्हनलं ना. तुजी बोटं आजून झोपल्यात, तुला भास हुतोय." आणि सायकलवर टांग टाकायला लागले.

मी हँडल धरलं. मला काय झालं कोण जाणे, मी ओरडलेच, "उतरा! चढू नका तिच्यावर! खाली गेल्यावर हवं तर साहेबांना सांगा माझी बोटं मेलीत म्हणून, पण आत्ता उतरा!" मंदिरातून उतरणारी दोन माणसं थबकली. मामा उतरले. मी घराच्या किल्लीने त्या जागी रंग खरवडला. निळ्याखाली राखाडी, आणि राखाडीत तांबूस गंजाची रेघ, नळीच्या अर्ध्या घेराला गेलेली. आता ती कुणालाही दिसली असती.

मामांनी चष्मा लावून ती पाहिली. मग त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि पुन्हा बोट त्या रेघेवर ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मी त्यांचं बोट धरून रेघेवरून फिरवलं.

"लागतंय का मामा?"

"न्हाई गं," मामा म्हणाले. "साहा वर्सं झाली. काईच लागत न्हाई."

तरुणपणी वीस वर्षं हातात ग्राइंडर, दिवसभर थरथर. आधी थंडीत बोटं पांढरी पडायची, मग सुन्न, मग तशीच राहिली. कुणाला सांगितलं नाही. परीक्षा घेताना कुठल्या पॅनलवर दोष कुठे आहे हे ड्रॉइंग बघून सांगायचे. चिमटा एवढा कलता का, तेही तेव्हाच कळलं मला. "हाताला कळत न्हाई, मंग सायकलीलाच सरळ पळायची सवय लावली," म्हणाले. आम्ही दोघं सायकली हातात धरून डोंगर उतरलो. पूर्ण उतार. डोळ्यांत पाणी येत होतं, आणि त्या पाण्यातही बुधवारची धास्ती होती. आता हा माणूस मला उपकार म्हणून पास करेल, आणि मग मला कधीच कळणार नाही, माझी बोटं जागी आहेत की नाही. किंवा नाही करणार. दोन्हींची मला सारखीच भीती वाटत होती.

बुधवारी परीक्षेच्या खोलीत आम्ही सहाजणी, साहेब, आणि दहा पॅनल. साहेब वयाने माझ्याहून लहान. मामांनी पहिलं पॅनल टेबलावर ठेवलं, ड्रॉइंग साहेबांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "साहेब, आदी माजी घ्या."

"तुमची कशाला मामा?"

"घ्या तर."

स्वतःच पट्टी बांधली. हातमोजा चढवला. एकामागून एक दहा पॅनलवरून हात फिरवला. नऊ वेळा मामांचं "न्हाई लागलं." दहापैकी एक दोष सापडला, तोही मला वाटतं अंदाजाने. पट्टी सोडली तेव्हा साहेब खाली बघत होते. मामा म्हणाले, "आता ड्रॉइंग तुमी धरा, परीक्षा तुमी घ्या. म्या बाहेर बसतो." आणि गेले. मी ज्या माणसाला 'तुमचं बरं आहे' म्हणून टोचून बोलले होते, तो माझ्यासमोरून असा उठून गेला.

माझ्या पॅनलच्या वेळी साहेबांनी विचारलं नाही, हाताला लागतंय का म्हणून. मी नऊ शोधले. एक सुटला. पास झाले, कॉन्ट्रॅक्ट सरकलं. बाहेर बाकावर मामा बसले होते, हात मांडीखाली दाबून. मी सांगितलं तेव्हा आधी हसले आणि लगेच कपाळाला आठ्या. "कुटला सुटला?"

त्यांना स्टोअरला बसवलं. निवृत्तीला वर्षभर आहे. तक्रार नाही. त्यांनी नवी सायकल जोडली, तशीच लांब, तशीच कलत्या चिमट्याची, आणि आमच्यात एक ठरलंय. महिन्यातून एकदा मी महाळुंग्याला जाते, ते सायकल उलटी करून ठेवतात आणि मी तिच्या प्रत्येक जोडावरून उजवा हात फिरवते. मामा शेजारी उभे, श्वास धरून. ते आता काही मोजत नाहीत, फक्त माझ्या तोंडाकडे बघतात. माझा हात शेवटच्या जोडावरून उचलला की मी म्हणते, "ठीक आहे मामा. काही नाही." ते लगेच टांग टाकून फेरी मारायला निघतात, भर रस्त्यावर, ट्रकांच्या शेजारून, निवांत. आणि मी तिथेच उभी राहून विचार करते, की खरंच काही नव्हतं, का मला लागलं नाही.